जे शिसं वेगळं निघेना: जॉर्ज द हेवेशी यांचं संशोधन, सोप्या भाषेत

मँचेस्टरच्या प्रयोगशाळेच्या तळघरात १९११ साली शिशाच्या क्षारांचा मोठा साठा पडून होता. युरेनियमच्या खनिजातून रेडियम काढून घेतल्यावर उरलेलं हे शिसं ऑस्ट्रियाच्या सरकारने भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड यांना भेट म्हणून दिलं होतं. त्यात ‘रेडियम-डी’ नावाचा किरणोत्सारी पदार्थ होता. रदरफर्डना तो प्रयोगांसाठी हवा होता, पण शिशात मिसळलेला असल्यामुळे त्याचा काही उपयोग होत नव्हता. तेव्हा त्यांनी नुकत्याच आलेल्या एका हंगेरियन तरुणाला सांगितलं की, तू खरा रसायनतज्ज्ञ असशील तर या शिशातून रेडियम-डी वेगळं काढून दाखव.

हा तरुण म्हणजे जॉर्ज द हेवेशी. १८८५ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेला, सधन घरातला. त्याने जंग जंग पछाडलं, पण रेडियम-डी काही वेगळं निघालं नाही. या अपयशातून जे निघालं त्याने रसायनशास्त्राची मोजण्याची पद्धतच बदलली. ते समजून घ्यायचं तर आधी हेवेशी तिथे कोणती तयारी घेऊन आले होते ते पाहायला हवं.

हेवेशी मुळात विद्युतरसायनाचे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये १९०८ साली त्यांनी पीएचडी मिळवली ती सोडियम धातू आणि वितळलेला कॉस्टिक सोडा यांच्यातल्या क्रियेवर. पुढे झुरिकला रिचर्ड लोरेन्झ यांच्याकडे वितळलेल्या क्षारांचं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पदार्थ फोडणं, ते शिकले आणि मग कार्ल्सरूहला फ्रित्झ हाबर यांच्याकडे थोडा काळ राहिले. विद्युतरसायनाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: रासायनिक क्रियेत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात आणि ते तारेतून जायला लावले तर मोजता येतात. प्रवाह किती वाहिला यावरून किती अणूंनी क्रियेत भाग घेतला ते कळतं. कुठल्या विभवाला वाहिला, म्हणजे किती व्होल्टला, यावरून ते अणू कोणाचे ते कळतं. वजनकाट्याला हातही न लावता पदार्थ ओळखायचा आणि मोजायचा, ही सवय हेवेशींना तरुणपणीच लागली होती.

आता त्या शिशाकडे वळू. रेडियम-डी वेगळं का निघत नव्हतं?

शिशाच्या अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉन असतात आणि बाहेर ८२ इलेक्ट्रॉन. खाणीतल्या साध्या शिशात मुख्यतः २०६, २०७ आणि २०८ वस्तुमानांक असलेले अणू सापडतात. रेडियम-डी म्हणजे २१० वस्तुमानांकाचं शिसंच. केंद्रकात काही न्यूट्रॉन जास्त, एवढाच फरक. त्या जास्तीच्या न्यूट्रॉनांमुळे केंद्रक अस्थिर होतं आणि किरणोत्सार करतं, पण बाहेरचे ८२ इलेक्ट्रॉन जसेच्या तसे राहतात. आणि रसायनशास्त्राची सगळी हत्यारं चालतात ती इलेक्ट्रॉनांवर. आम्ल घाला, अवक्षेप (तळाशी बसणारा साका) बनवा, वीज सोडा, काहीही करा. यातल्या कशालाच आतल्या केंद्रकाचा पत्ता लागत नाही. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना आपण आज समस्थानिक म्हणतो. ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये नीट मांडली. हेवेशी त्याच्या आधीपासून शिशाशी झटत होते, त्यामुळे आपण शिशातून शिसं काढायला बघतोय हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

पुढे ते व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत गेले. तिथे फ्रित्झ पानेत हा दुसरा तरुण याच वेगळं काढण्याच्या प्रश्नावर हरलेला होता. दोघांनी मिळून प्रश्नच उलटा केला. रेडियम-डी शिशापासून कोणत्याही उपायाने वेगळं होत नसेल, तर ते शिशाच्या सोबत सगळीकडे जाणार. म्हणजे रेडियमपासून नव्याने बनलेल्या, साधं शिसं न मिसळलेल्या शुद्ध रेडियम-डीचा माहीत असलेला अंश साध्या शिशात मिसळला, तर पुढे शिसं कुठेही गेलं तरी किरणोत्साराच्या मापावरून त्याचा माग काढता येईल. कारकिर्दीतली सगळ्यात मोठी कल्पना अशी फसलेल्या कामातून आली. मला यात खरं कौतुक वाटतं ते त्या दोघांच्या तर्काचं. ‘वेगळं निघत नाही’ या तक्रारीचाच त्यांनी ‘कधीच सोबत सोडत नाही’ असा गुण करून घेतला.

१९१३ साली त्यांनी केलेला पहिला प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. लेड सल्फाइड आणि लेड क्रोमेट हे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे क्षार. ‘जवळजवळ न विरघळणारे’ म्हणजे नेमके किती विरघळणारे? पाणी आटवून उरलेलं वजन करायला जावं तर काटा हलत नाही. हेवेशी-पानेत यांनी शिशाच्या द्रावणात रेडियम-डी मिसळलं, मग त्याचा क्रोमेट क्षार बनवला, तो पाण्यात ढवळत ठेवला, गाळून घेतला आणि वरचं नितळ पाणी आटवून त्याचा किरणोत्सार मोजला. हिशेब असा: समजा, १० मिलिग्रॅम शिशाला उपकरणावर एक लाखाचं माप येतं आणि पाण्यात उतरलेल्या अंशाला फक्त १० चं. मग पाण्यात उतरलेलं शिसं एक सहस्रांश मिलिग्रॅम. कुठलाही काटा तेव्हा हे दाखवू शकत नव्हता. सोन्याच्या वर्खाचं साधं विद्युतदर्शी मात्र दाखवत होतं, कारण किरणोत्साराने हवेत आयन (विद्युतभारित कण) तयार होतात आणि वर्खाची पानं हळूहळू मिटत जातात. पानं किती वेगाने मिटतात, ते मोजायचं.

इथेच त्यांचं जुनं विद्युतरसायन परत उपयोगी पडलं. नेर्न्स्टचं समीकरण सांगतं की धातूचं विद्युत अग्र त्याच धातूच्या आयनांच्या द्रावणात बुडवलं, तर अग्राचा विभव त्या आयनांच्या संहतीवर, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणावर, ठरतो. शिशाच्या आयनाची संहती दहापट कमी केली की विभव साधारण ३० मिलिव्होल्टने सरकतो. पण हा नियम अतिविरळ द्रावणात टिकतो का? ते तपासायचं तर आधी द्रावण किती विरळ आहे ते दुसऱ्या एखाद्या मार्गाने कळायला हवं, आणि तसा मार्ग नव्हता. किरणोत्सारी अणूंनी तो मिळवून दिला. व्हिएन्नाच्या संस्थेकडे रेडियमचा मोठा साठा होता, त्यामुळे हे अणू हाताशी होते. अत्यंत विरळ द्रावणातही नेर्न्स्टचा नियम लागू पडतो हे हेवेशी-पानेत यांनी दाखवलं. त्यांनी हेही दाखवलं की विद्युत अग्रावर शिशाच्या जागी रेडियम-डी ठेवलं तरी विभव बदलत नाही. म्हणजे समस्थानिक रासायनिकदृष्ट्या एकच असतात याचा थेट पुरावा व्होल्टमीटरने दिला.

तेच रेडियम-डी, म्हणजे शिसं-२१०, आज खाडी आणि तलावांतल्या गाळाचं वय काढायला वापरतात. ते हवेतल्या रेडॉनपासून बनतं, पावसाबरोबर खाली येतं आणि गाळात बसतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षं असल्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले थर ओळखता येतात. बरेचदा मोजतात ते त्याच्याच साखळीत पुढे येणारं पोलोनियम-२१०. गाळाचं आम्लात द्रावण करून त्यात चांदीची चकती बुडवून ठेवली की पोलोनियम बाहेरून वीज न देताच चकतीवर जाऊन बसतं, कारण विद्युतरासायनिक ओढच तशी आहे. मग त्या चकतीतून निघणारे अल्फा कण मोजायचे. अणू गोळा करायचं काम विद्युतरसायनाचं, मोजायचं काम केंद्रकाचं.

यानंतर हेवेशींचं काम भराभर पसरलं. १९२० पासून ते कोपनहेगनला भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याकडे होते. तिथे डिर्क कोस्टर यांच्यासोबत त्यांनी झिर्कोनियमच्या खनिजात क्ष-किरणांच्या मदतीने ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य शोधलं. हॅफ्नियम हे नाव कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून ठेवलं. झिर्कोनियम आणि हॅफ्नियम हे रसायनाने जुळे भाऊ, पण केंद्रकाने अगदी विरुद्ध: झिर्कोनियम न्यूट्रॉन सहज जाऊ देतं, हॅफ्नियम ते गिळतं. म्हणूनच तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या ज्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, त्यातून हॅफ्नियम कसोशीने काढून टाकावं लागतं.

१९२३ साली त्यांनी बाकल्याच्या रोपांची मुळं किरणोत्सारी शिशाच्या द्रावणात बुडवली, मग मूळ, खोड, पानं वेगवेगळी जाळून प्रत्येकाच्या राखेचा किरणोत्सार मोजला. बरंचसं शिसं मुळातच अडकलेलं, वर थोडंच चढलेलं. सजीवात अणूचा माग काढण्याचा हा पहिला प्रयोग. आज मुंबईत थायरॉइडच्या तपासणीसाठी कोणाला किरणोत्सारी आयोडीन देतात तेव्हा तत्त्व हेच असतं, फक्त रोपाच्या जागी माणूस असतो आणि काहीही जाळावं लागत नाही.

१९३२ ची समस्थानिक विरलन पद्धत मात्र थोडी समजावून सांगायला हवी, कारण ती ऐकायला अवघड आणि करायला सोपी आहे. ज्वारीच्या पोत्यात किती दाणे आहेत ते न मोजता कसं सांगाल? एक हजार दाणे रंगवून पोत्यात टाका, नीट कालवा आणि एक ओंजळ काढा. ओंजळीत शंभरात एक दाणा रंगीत निघाला, तर पोत्यात साधारण एक लाख दाणे. सगळं पोतं रिकामं करायची गरज नाही आणि ओंजळ लहान आहे की मोठी यानेही फरक पडत नाही. खडकातलं शिसं मोजताना नेमकी हीच अडचण असते: वेगळं करताना थोडं वाया जातंच. आधीच मोजून रेडियम-डी घातलेलं असेल, तर वाया गेलेल्याची चिंता उरत नाही. हाती आलेल्या शिशाचं वजन आणि त्याचा किरणोत्सार, एवढ्या दोन आकड्यांवरून पूर्ण हिशेब लागतो.

मधल्या काळात हेवेशी फ्रायबुर्गला प्राध्यापक झाले होते. १९३४ मध्ये नाझी राजवटीमुळे त्यांनी ती प्राध्यापकी सोडली आणि ते कोपनहेगनला परतले. त्याच वर्षी बर्लिनहून हिल्डे लेव्ही ही तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिथे आली. ज्यू असल्याने जर्मनीत तिला भवितव्य उरलं नव्हतं. न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाचा, म्हणजे न्यूट्रॉनांचा मारा करून नमुन्यातली मूलद्रव्यं ओळखायच्या आणि मोजायच्या पद्धतीचा, जन्म या दोघांच्या कामातून झाला, आणि तो सांगताना लेव्हींचं नाव गाळणं मला अन्यायाचं वाटतं. उपकरणं चालवणं आणि मोजमाप हा त्यांचा प्रांत होता.

न्यूट्रॉन मिळवायचा त्यांच्याकडचा मार्ग म्हणजे रेडियम आणि बेरिलियमचं मिश्रण: रेडियममधून निघणारा अल्फा कण बेरिलियमवर आदळला की न्यूट्रॉन उडतो. ऑक्टोबर १९३५ मध्ये बोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वर्गणी काढून त्यांना ६०० मिलिग्रॅम रेडियम भेट दिलं गेलं, त्याचाही असाच उपयोग झाला. हेवेशींनी गंधकावर न्यूट्रॉन सोडून किरणोत्सारी फॉस्फरस बनवला, तो उंदरांना खाऊ घातला आणि दाखवलं की हाडंसुद्धा सतत जुने अणू देऊन नवे घेत असतात. फॉस्फरसचा एक अणू उंदराच्या शरीरात सरासरी दोनेक महिनेच राहतो.

दुसरीकडे हेवेशी आणि लेव्ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर न्यूट्रॉन सोडत होते. ही मूलद्रव्यं रसायनतज्ज्ञांची जुनी डोकेदुखी. त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन इतके सारखे असतात की ती एकमेकांपासून वेगळी करायला महिनोन्‌महिने स्फटिकीकरण करत बसावं लागे. शिशासारखीच अडचण, फक्त थोडी कमी टोकाची. पण न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांना विचारतच नाही, तो थेट केंद्रकात जातो. आणि केंद्रकं मुळीच सारखी नाहीत: डिस्प्रोशियम न्यूट्रॉन अधाशासारखं घेतं आणि सव्वादोन-अडीच तासांच्या अर्धायुष्याने जोरदार किरणोत्सार करतं, तर शेजारची काही मूलद्रव्यं जेमतेम प्रतिसाद देतात. मग यिट्रियमच्या नमुन्यात अशुद्धी म्हणून असलेलं डिस्प्रोशियम रासायनिकरीत्या वेगळं न करताच मोजता आलं. तेच गॅडोलिनियममधल्या युरोपियमचं. १९३६ साली हे काम प्रसिद्ध झालं.

पद्धत आजही तीच आहे. नमुना न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचा. काही केंद्रकं न्यूट्रॉन पकडून किरणोत्सारी होतात. प्रत्येकाचं अर्धायुष्य ठरलेलं आणि त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जाही ठरलेली. सोन्यापासून बनलेलं सोनं-१९८ २.७ दिवसांच्या अर्धायुष्याने ४१२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडतं. आर्सेनिक-७६ चं अर्धायुष्य सुमारे २६ तास आणि किरण ५५९ चे. ऊर्जेवरून कोण ते कळतं, संख्येवरून किती ते. आणखी एक मोठा फायदा सहसा सांगितला जात नाही. सूक्ष्म विश्लेषणात बाटलीतून, आम्लातून, हातातून येणारी घाण निकाल बिघडवते; इथे एकदा मारा झाला की नंतर चिकटलेली घाण किरणोत्सारी नसल्यामुळे मोजणीत येतच नाही.

युद्धाच्या काळातला एक प्रसंग नुसता नोंदवतो. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं बोर यांच्या संस्थेत होती. ती सापडली असती तर त्या दोघांवर संकट आलं असतं. हेवेशींनी ती आम्लराजात (सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणात) विरघळवली, बाटली फळीवर राहिली आणि युद्धानंतर त्यातलं सोनं परत मिळवून पदकं नव्याने घडवली गेली. १९४३ मध्ये हेवेशींना स्वीडनला पळून जावं लागलं. त्या वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल १९४४ मध्ये त्यांना जाहीर झालं, ते अणूंचा माग काढण्याच्या पद्धतीसाठी. १९६६ मध्ये फ्रायबुर्गला त्यांचं निधन झालं.

अणुभट्ट्या आल्या तशी या पद्धतीला खरी धार आली. भट्टीत एका चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला लाख कोटी न्यूट्रॉन जाऊ शकतात. रेडियम-बेरिलियमची नळी तिच्यापुढे काहीच नाही. आपल्याकडे ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली आणि भारतात या प्रकारच्या विश्लेषणाची सोय झाली.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला निकाल महाराष्ट्राच्या जमिनीशी जोडलेला आहे. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत, इटलीतल्या गुब्बिओच्या एका पातळ मातीच्या थरात इरिडियम नेहमीच्या सुमारे तीसपट असल्याचं न्यूट्रॉन सक्रियणाने दाखवलं. कोपनहेगनच्या दक्षिणेला असलेल्या स्टेव्हन्स क्लिंटच्या कड्यात ते १६०पट निघालं. थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले त्या काळचा. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार कमी आणि उल्कांमध्ये जास्त, म्हणून मोठी अशनी आदळली असं अनुमान त्यांनी मांडलं. विरोधी पक्ष म्हणत होता की त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रचंड थर ओतले जात होते, आपला सह्याद्री त्यातूनच झाला, आणि ज्वालामुखीतूनही इरिडियम येऊ शकतं. पुढे कच्छमधल्या अंजारला दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात इरिडियम सापडलं, म्हणजे ते साचण्याआधीच तिथे लाव्हा वाहू लागला होता. मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर ओळखलं गेल्यावर अशनी आदळली याबद्दल शंका उरली नाही, पण दख्खनच्या उद्रेकाने डायनोसॉरांच्या नाशाला किती हातभार लावला यावर अजून वाद आहे. सक्रियणाने इरिडियम किती ते पक्कं सांगितलं. ते कुठून आलं हे ठरवायला भूविज्ञानच लागलं.

आणि या पद्धतीला काही गोष्टी मुळातच जमत नाहीत. पहिली म्हणजे शिसं. त्याची केंद्रकं न्यूट्रॉन फार कमी पकडतात आणि पकडून जे बनतं त्याचे गॅमा किरण मोजण्याजोगे नसतात. दुसरी म्हणजे अणूची रासायनिक अवस्था. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक किती ते सक्रियण सांगेल, पण ते तीन संयुजेचं आहे की पाच, हे सांगणार नाही. आणि तीनवालं जास्त घातक. ती माहिती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत असते आणि केंद्रकाला ती ठाऊक नसते.

तिथे विद्युतरसायनाकडे परतावं लागतं. पाण्यातलं शिसं मोजायची एक रीत अशी: विद्युत अग्र बराच वेळ ऋण विभवाला धरून ठेवायचं, म्हणजे द्रावणातलं विखुरलेलं शिसं हळूहळू त्यावर धातूरूपात जमा होतं. मग विभव धन बाजूकडे सरकवत न्यायचा. ठरावीक विभवाला शिसं एकदम सुटून परत द्रावणात जातं आणि त्या क्षणी विद्युतप्रवाहाचं टोक उठतं. टोक कुठे आलं यावरून शिसं ओळखायचं, ते केवढं आहे यावरून मोजायचं. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ही पद्धत त्याच्याही बरीच खाली जाते. बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबभर रक्तातलं शिसं मोजणारी, टेबलावर मावणारी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. त्यांना ना अणुभट्टी लागते, ना किरणोत्सार, आणि काही मिनिटांत आकडा हाती येतो.